सेंट्रल लॉकचा स्विच बदलायचाय? आधी तो खरंच गेलाय का ते बघा

"मालक, स्विच गेलाय. नवा टाकू का?" सेंट्रल लॉक अर्धवट चालायला लागलेली गाडी घेऊन वायरमनकडे गेलात की हे वाक्य ठरलेलं. आपणही मान डोलावतो. नवा स्विच बसतो, चारही दरवाजे खटाखट लागतात, पैसे देऊन आपण निघतो. आणि थोड्याच दिवसांत दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. यात फसवणूकच असते असं नाही. स्विच बदलताना कप्लर, म्हणजे वायरींची प्लगसारखी जोडणी, काढून परत खोचला जातो, त्या घासण्यानं पिनांवरची घाण निघते आणि सुटलेला संपर्क तात्पुरता जुळतो. गुण आला कप्लर हलवल्याचा, बिल झालं स्विचचं.

म्हणून या लेखाचा मोठा भाग स्विच बदलण्याआधीचा आहे. बदलणं हे सुट्टीच्या सकाळी घरच्या दारात होणारं काम आहे. खराबी स्विचमध्येच आहे हे पक्कं करायला मात्र डोकं लागतं.

बटण दाबल्यावर आत काय होतं

ड्रायव्हरच्या दरवाजावरचं कुलपाचं बटण दाबलं की मोटरचा करंट त्या बटणातून जातो असा समज असतो. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत तसं नसतं. स्विच फक्त इशारा करतो: एक बारीक वायर क्षणभर अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला, टेकवतो. तो इशारा डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलपर्यंत पोचतो, ज्याला गॅरेजवाले बीसीएम म्हणतात. मग बीसीएम रिलेतून, म्हणजे विजेनं चालणाऱ्या छोट्या स्विचमधून, प्रत्येक दरवाजाच्या लॉक मोटरला क्षणभर १२ व्होल्ट देतो. मोटरला दोन मुख्य वायरी. एकीला प्लस आणि दुसरीला मायनस आला की लॉक लागतं, उलटं आलं की उघडतं.

एवढं कळलं तरी निम्मा तपास झाला. तीन दरवाजे लागतात आणि मागचा डावा लागत नाही, तर ड्रायव्हरच्या स्विचचा दोष असूच शकत नाही. इशारा एकच जातो, सगळ्यांसाठी. एकच दरवाजा हट्ट करत असेल तर त्याची मोटर किंवा त्याची वायर बघा आणि स्विचला हात लावू नका.

जुन्या गाड्यांत किंवा बेस मॉडेलला बाहेरून सेंट्रल लॉकचं किट बसवलं असेल तर मामला वेगळा. त्यात ड्रायव्हरच्या दरवाजात पाच वायरींची मोटर असते आणि बाकीच्या दरवाज्यांत दोन वायरींची. ड्रायव्हरची खुंटी खाली गेली की पाच वायरींच्या मोटरच्या पोटातला स्विच बाकीच्यांना खबर देतो. म्हणजे तिथं वेगळा स्विच नसतो, ती अख्खी मोटरच बदलायची. बहुतेक किटांत निळी आणि हिरवी वायर मोटरची असते, पण आधी कुणीतरी जोडकाम केलेलं असेल तर रंगांवर विसंबू नका.

सांगलीच्या गाड्यांचं खास दुखणं

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं गाड्या उंचावर नेऊन लावतात. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये बऱ्याच गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून पुढच्या मालकाकडे गेल्या. विकणारा "आमच्या गल्लीत पाणी आलंच नव्हतं" असं शपथेवर सांगतो, पण डोअर पॅड, म्हणजे दरवाजाचं आतलं आवरण, खोटं बोलत नाही. पॅड काढला की आतल्या पत्र्यावर एका सरळ रेषेत वाळलेल्या गाळाची कड दिसते. तिच्या खालचे स्क्रू तांबूस झालेले, कप्लरच्या पिनांवर मोरचुदासारखा हिरवट थर, आणि दरवाजाच्या तळाशी बोटानं चुरला की पिठासारखा होणारा मातकट गाळ. अशा गाडीत नवा स्विच टाकायचा असेल तर आधी कप्लर साफ करा, नाहीतर नव्याचीही तीच गत.

पुराशी संबंध नसलेली कारणं साधी आहेत. काच उघडी ठेवून पावसात उभी केलेली गाडी, बटणांवर सांडलेला चहा, उन्हाळ्यातली धूळ. आणि गाडीत भडंग खाणं! तेल-मसाला लागलेला चुरमुऱ्याचा चुरा बटणाच्या फटीतून आत जातो, तेलकट धूळ धरून बसतो आणि बटण दाबलं तर वर येत नाही, वर आलं तर दबत नाही. बटण अडकल्यासारखं वाटत असेल तर स्विच उघडून बघायला हरकत नाही, ते पुढं येईलच.

पेचकस हातात घेण्याआधीचा तपास

सगळे दरवाजे नीट बंद करा. अनेक गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडा असला की बटणानं लॉक लागत नाही, मुद्दामच तशी सोय असते. काही गाड्यांत रिमोटनं लॉक केल्यावर आतलं बटण काम करत नाही, कारण काच फोडून हात घालणाऱ्या चोराला ते दाबता येऊ नये. तेव्हा आत बसून, दरवाजे बंद करून, चावी लावून तपासा.

आता रिमोट दाबा. रिमोटवर चारही दरवाजे चालतात आणि आतल्या बटणावर एकही हलत नाही, तर संशय स्विचवर किंवा स्विच ते बीसीएम या वायरीवर. रिमोटवरही काहीच होत नसेल तर फ्यूज, बॅटरी किंवा बीसीएम. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो, त्यात कुलपाचं चित्र किंवा डोअर लॉक लिहिलेला फ्यूज शोधा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा टाकून चालवायची खोड आपल्याकडे आहे, पण मग वायर जळते आणि फ्यूज शाबूत राहतो.

बॅटरीही बघाच. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.५ च्या आसपास असतं. १२ च्या खाली असेल तर लॉकच्या मोटरी कण्हत चालतात आणि शेवटचा दरवाजा अर्ध्यावर थांबतो.

शांत जागी बटण दाबून कान द्या. डॅशबोर्डच्या आतून बारीक टक् आवाज आला तर इशारा पोचला, रिले हलला. स्विच सुटला त्यातून. आवाज नाही आणि रिमोटवर मात्र येतो, तर स्विचकडे वळा. एका बाजूला चालतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे लॉक लागतं पण उघडत नाही, तरीही स्विचचा संशय मोठा.

तरी थांबा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा आणि बिजागरीजवळ, दरवाजा आणि खांबाच्या मधली रबरी नळी बघा. दरवाजातल्या सगळ्या वायरी त्या नळीतून जातात आणि दर उघडझापीला वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लास्टिक मात्र अखंड दिसतं. एकानं नळी हळू हळू दाबत, वाकवत राहायचं आणि दुसऱ्यानं बटण दाबत राहायचं. दरवाजा उघडा असताना लॉक लागत नसेल तर उघडण्याचं बटण दाबून बघा. मध्येच कधीतरी लॉक हललं तर चोर नळीत आहे. काच वर-खाली होणं आणि आरसा फिरणं हेही अधूनमधून बंद पडत असेल तर नळीचा संशय आणखी पक्का. जुन्या गाड्यांत मी तरी स्विचच्या आधी या नळीवरच बोट ठेवीन.

काय काय लागेल

स्टार स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना, साधा मल्टीमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि पॅड उचकटायला प्लास्टिकची पट्टी. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत चांदणीच्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू भेटतात, त्याचे बिट वेगळे घ्यावे लागतात. प्लास्टिकची पट्टी नसेल तर चपट्या पेचकसाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, पण उघड्या लोखंडानं उचकटलं की प्लास्टिकवर कायमचा ओरखडा राहतो. स्क्रू ठेवायला वाटी, खाली अंथरायला जुनी चादर, फोटो काढायला मोबाईल. आणि आपल्या गाडीच्या डोअर पॅडच्या चार-पाच जादा क्लिपा आधीच आणून ठेवा. त्या तुटतात. कुणाच्याही हातून तुटतात.

नवा स्विच मागायला जाताना जुन्याच्या मागचा पार्ट नंबर किंवा गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर न्या. आरसी बुकावर तो असतो. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत, अगदी एकाच वर्षाच्या दोन व्हेरियंटमध्ये पिनांची संख्या वेगळी असू शकते. आणखी एक, बऱ्याच गाड्यांत कुलपाचं बटण सुटं मिळत नाही, चार काचांच्या बटणांसकट पूर्ण पॅनेल घ्यावं लागतं. ऑनलाइन मागवत असाल तर चित्र नीट बघा. परदेशी विक्रेत्यांकडे डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेल्या गाड्यांचे स्विच असतात, ते आपल्या दरवाजात उलटे येतात. भंगारातला घेणार असाल तर पिना उजेडात धरा. हिरवट दिसल्या तर जिथं होता तिथं ठेवा.

गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं सोडा आणि शोरूमला न्या.

उघडायला सुरुवात

गाडी सावलीत लावा, पण थंडीतल्या पहाटे हे काम काढू नका. गारठलेलं जुनं प्लास्टिक कडक होतं आणि क्लिपा पटापट तुटतात. ड्रायव्हरची काच वर घ्या, दुसऱ्या एखाद्या दरवाजाची पूर्ण खाली ठेवा आणि चावी खिशात घाला, गाडीत नको. काम चालू असताना सगळी कुलपं एकदम लागायचा प्रसंग येऊ शकतो.

बॅटरीची मायनसची वायर दहाच्या पान्यानं काढा आणि पाचेक मिनिटं थांबा. काही गाड्यांच्या दरवाजात एअरबॅगचा धडक ओळखणारा सेन्सर असतो. त्याचा कप्लर सुटा असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरशिवाय जात नाही.

आधी बघा की बटणांचं पॅनेल वरूनच निघतं का. पुष्कळ गाड्यांत ते नुसतं खिट्टीवर बसवलेलं असतं. एका टोकाला स्प्रिंगची खिट्टी, दुसऱ्या टोकाला आकडा. पट्टी घालून एक टोक हलकेच उचला. दोन्हीकडून थोडं थोडं उचलून बघा, ज्या टोकाला स्प्रिंगसारखं दबल्याचं जाणवेल ते आधी वर येतं. असं निघालं तर डोअर पॅड काढायची गरजच नाही, तपासणीवर या.

नाही निघालं तर पॅड काढायचा. स्क्रू लपवलेले असतात: आतल्या हँडलच्या वाटीत छोट्या टोपणाखाली एक, दरवाजा ओढायच्या खोबणीत रबराखाली एक किंवा दोन, कधी पॅडच्या कडेला. आरशाजवळचा त्रिकोणी तुकडा बहुधा हातानंच ओढून निघतो. सगळे स्क्रू निघाल्याशिवाय ओढाओढी नको. पॅड हटून बसला आहे म्हणजे एखादा स्क्रू राहिला आहे, जोर लावू नका, शोधा.

मग खालच्या कोपऱ्यातून सुरुवात. पट्टी पॅड आणि पत्र्याच्या मध्ये, क्लिपेच्या अगदी शेजारी घाला आणि उचका. क्लिपेपासून लांब उचकलं तर पुठ्ठा वाकतो आणि क्लिप पॅडमधून उपटून पत्र्यात राहते. पहिली क्लिप सुटताना असा आवाज येतो की काहीतरी मोडलंच. तसा आवाज येतोच, पुढं चला. कडेनं सगळ्या सुटल्या की पॅड सरळ वर उचला. वरची कड काचेजवळच्या रबरात अडकवलेली असते, ती बाहेर खेचायची नाही, वर घ्यायची.

पॅड सुटला की लगेच दूर नेऊ नका. मागं वायरी आणि आतल्या हँडलची तार असते. गुडघ्यावर पॅड टेकवा, एक फोटो काढा, मग कप्लरची जीभ दाबून कप्लर धरून ओढा. वायर धरून नाही. हँडलची तार तिच्या प्लास्टिकच्या खोबणीतून बाजूला सरकवून काढता येते.

समोर पॉलिथीनचा ताव दिसेल, काळ्या चिकट गोंदानं चिकटवलेला. स्विचसाठी त्याला हात लावायची गरज नसते. काचेवरून आत शिरणारं पाणी दरवाजाच्या पोटातून खालच्या भोकांनी बाहेर पडतं आणि हा ताव ते गाडीच्या आत येऊ देत नाही. मोटर बघायला तो उघडावाच लागला तर फाडू नका, कडेनं सोलून घ्या आणि परत दाबून चिकटवा. घाईत फाडलेल्या तावामुळं पावसाळ्यात पायाखालची मॅटिंग भिजते आणि मग गळती छतात शोधत बसतात.

स्विच खरंच गेला आहे का, मीटरवर

स्विच सहसा पॅडच्या मागून तीन-चार बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो. काढून हातात घ्या. मल्टीमीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन पिना आतून जोडलेल्या असल्या की तो वाजतो. कुलपाच्या बटणाच्या पिना शोधा, मागं छापलेल्या खुणा किंवा गाडीचा वायरिंग नकाशा असेल तर उत्तम, नाहीतर दोन-दोन पिना जोडून बघत जा. साध्या स्विचमध्ये एक पिन सामाईक असते. बटण लॉककडे दाबलं की सामाईक आणि लॉकची पिन यांत बीप, उलटीकडे दाबलं की सामाईक आणि दुसरी पिन यांत बीप, सोडलं की शांत. बीप तुटकतुटक येते, जोरात दाबल्यावरच येते, किंवा येतच नाही, तर स्विच गेला.

दोन गोष्टींनी गोंधळ उडतो. काही स्विचमध्ये आत रेझिस्टर, म्हणजे करंटला अडथळा करणारे बारीक पुर्जे, असतात. तिथं बीप येत नाही, पण ओहमवर ठेवून बघितलं तर दोन्हीकडे दोन वेगवेगळे, स्थिर आकडे येतात. ते सारखे हलत असतील तर दोष. दुसरं, जुन्या पद्धतीत जिथं स्विच स्वतःच मोटरला करंट देतो, तिथं बटण सोडलेलं असताना दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात आणि बीप येत राहते. ती खराबी नाही. नव्या महागड्या गाड्यांत स्विचच्या आत छोटी चिप असते आणि ती बीसीएमशी एकाच वायरीवरून बोलते. त्या मीटरनं तपासता येत नाहीत आणि काहींना बदलल्यावर स्कॅनरनं ओळख करून द्यावी लागते. अशी गाडी असेल तर इथून पुढं जाणकाराकडे.

एकदा वायरींच्या बाजूनंही खात्री करा. बॅटरी जोडा, चावी लावा, कप्लरच्या अर्थच्या पिनेत मीटरची काळी तार आणि लॉकच्या पिनेत लाल. काही गाड्यांत ५, काहींत १२ च्या आसपास व्होल्ट दिसतील. तेवढे येत असतील तर बीसीएम इशाऱ्याची वाट बघत बसला आहे, वायर शाबूत आहे आणि स्विचच दोषी. काहीच येत नसेल तर नवा स्विच घालून उपयोग नाही, रबरी नळीकडे परत या.

कप्लरचं प्लास्टिक तपकिरी, वितळल्यासारखं दिसलं तर ती पिन सैल होऊन तापत होती. पिन बदलून घ्या, नाहीतर नवा स्विचही तापेल.

साफ करायचा की बदलायचा

बटण फक्त चिकटत असेल तर साफ करून बघा. स्विच उघडताना तो पारदर्शक पिशवीत धरून उघडा, कारण आतली स्प्रिंग आणि बारीक गोळी उडाली की सापडत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, काळे पडलेले बिंदू जाड कागदानं पुसा. पॉलिश पेपरनं घासू नका, वरचा मुलामा जातो. रॉकेल आणि पेट्रोल तर नकोच, प्लास्टिकची वाट लागते. चहा-भडंगाचं दुखणं असं साफ केल्यावर बऱ्याचदा जातं. बिंदू खड्डा पडून झिजले असतील किंवा पुराचं पाणी आत गेलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, बदला.

बसवणं

नवा स्विच लगेच पॅडमध्ये कसू नका. पॅड बाजूलाच ठेवून कप्लर खोचा, जीभ टक् करून बसली पाहिजे. बॅटरी जोडा आणि तपासा. दरवाजा उघडा असल्यानं लॉक लागत नसेल तर दरवाजाच्या कडेचं कुलूप पेचकसानं दाबून बंद स्थितीत फिरवा, गाडीला दरवाजा बंद वाटेल. तपासून झालं की हँडल ओढून ते कुलूप परत मोकळं केल्याशिवाय दरवाजा लावू नका. तसाच आपटला तर कुलूप आणि खांबावरचा खिळा दोन्ही वाकतात.

लॉक, अनलॉक, चारही काचा, आरसा, सगळं चाललं की बॅटरी पुन्हा काढा आणि मग पॅड बसवा. पत्र्यात अडकून राहिलेल्या क्लिपा पकडीनं काढून आधी पॅडवर लावा. वायरी ओढून ठेवा, हँडलची तार जोडा, वरची कड रबरात बसवा, मग कडेनं तळहातानं ठोकत या. स्क्रू शेवटी. बॅटरी जोडल्यावर एका दाबात वर जाणारी काच अर्ध्यात थांबत असेल तर बटण वर ओढून काच पूर्ण लावा आणि आणखी काही सेकंद धरून ठेवा. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

नळीतली वायर तुटलेली निघाली असेल तर पीळ देऊन टेप गुंडाळण्यात अर्थ नाही. मऊ तारेचा तुकडा वाढवून, सोल्डर करून, वर तापवल्यावर आकसणारी हीटश्रिंक नळी चढवा आणि जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, दरवाजाच्या किंवा खांबाच्या आत जाईल असा ठेवा. हे काम स्वतः जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या, पण जोड कुठं घेतला ते दाखवायला सांगा.

शेवटी दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा आणि काचेवर बाहेरून दोन तांबे पाणी ओता. ते खालून गळलं पाहिजे, आतली मॅटिंग कोरडी राहिली पाहिजे.